रंगमंच व्यवस्था : शिकायची कुठे आणि कशी?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अभिनय आणि लेखन यांविषयीची पत्रे नेहमीच अधिक असतात. या वेळी मात्र पडद्यामागच्या कामाविषयी, त्यातही रंगमंच व्यवस्थेविषयी, इतकी मनापासून लिहिलेली पत्रे आली की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयाचा संघ दरवर्षी एकांकिका स्पर्धांत उतरतो. मला अभिनयाची ओढ नाही. प्रयोग जुळवून आणण्याचे आणि तो सुरळीत पार पाडण्याचे काम मला करायचे आहे. गेल्या वर्षी मी ‘बॅकस्टेज’ला होते, म्हणजे चहा आणणे, झेरॉक्स काढणे आणि प्रयोगाच्या दिवशी फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) उचलणे. वर्ष संपले तरी काही शिकले असे वाटले नाही. पुढे रंगमंच व्यवस्थापक व्हायचे असेल, तर आत्ता नेमके काय करावे? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : हे काम आपल्याकडे एका व्यक्तीच्या हाती क्वचितच एकवटलेले असते, हे आधी लक्षात घ्यावे. इंग्रजी रंगभूमीच्या परंपरेत तालमीच्या पहिल्या दिवसापासून रंगमंच व्यवस्थापक संहितेची वही सांभाळतो, तालमींच्या वेळा पाळून घेतो आणि प्रयोग चालू असताना प्रकाशाच्या व ध्वनीच्या प्रत्येक बदलाची सूचना देतो. अमेरिकेत तर नट आणि रंगमंच व्यवस्थापक हे दोघेही १९१३ साली स्थापन झालेल्या ‘ॲक्टर्स इक्विटी असोसिएशन’ या एकाच संघटनेचे सभासद असतात. मराठी व्यावसायिक नाटकात मात्र हेच काम अनेकांत वाटलेले दिसते. नाट्यगृहाच्या तारखा, गाडी आणि मुक्काम यांची व्यवस्था व्यवस्थापक किंवा सूत्रधार पाहतो; हालचालींच्या नोंदी आणि नटांचे पाठांतर दिग्दर्शकाच्या साहाय्यकाकडे असते; सेट लावणे, सोडवणे आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरल्या जाणाऱ्या वस्तू, जागेवर ठेवणे हे रंगमंच कामगार करतात; आणि प्रकाश व पार्श्वसंगीत चालवणारे बहुधा नाटक पाठ करून, रंगमंचाकडे पाहत, आपापले क्यू, म्हणजे बदल करण्याच्या नेमक्या जागा, स्वतःच घेतात. त्यामुळे ‘मला रंगमंच व्यवस्थापकाकडे उमेदवारी करायची आहे’ असे म्हणत तुम्ही एखाद्या नाट्यसंस्थेकडे गेलात, तर तुम्हाला नेमके कोणाकडे पाठवावे हा प्रश्न त्या संस्थेलाच पडेल. हे वाटलेले काम एकेक करून स्वतः करत जाणे आणि पाचसहा नाटकांनंतर ते सगळे आपल्या एकटीच्या डोक्यात एकत्र नांदू लागणे, हीच आपल्याकडची उमेदवारी होय.

तुम्हाला गेल्या वर्षी काही शिकल्यासारखे वाटले नाही, याचे कारण चहा आणण्यात किंवा फ्लॅट उचलण्यात कमीपणा आहे हे नव्हे. दिवसभरात पडेल ते काम करणाऱ्याच्या हाती कोणत्याच कामाची सुरुवात आणि शेवट येत नाही, हे त्याचे कारण आहे. म्हणून या वर्षी संघाच्या पहिल्या वाचनालाच दिग्दर्शकाकडे एका विभागाची संपूर्ण जबाबदारी मागा, आणि शक्य असेल तर तो विभाग प्रॉपर्टीचा असू द्या. नवख्या माणसाला प्रॉपर्टी जितके शिकवते तितके दुसरे काही शिकवत नाही, असे माझे ठाम मत आहे. संहिता हातात घेऊन वाचताना ज्या ज्या वस्तूला कोणी हात लावतो, जी वस्तू कोणी मागतो, खातो, फोडतो किंवा दुसऱ्याला देतो, तिची यादी करा. मग प्रत्येक वस्तूपुढे ती नाटक सुरू होताना कुठे असते, कोणाच्या हातून आत येते, कोणत्या विंगेतून बाहेर जाते आणि पुढच्या वेळी ती पुन्हा कुठे लागते, हे लिहा. ही यादी पूर्ण होता होता एखादे पत्र डाव्या विंगेतून बाहेर गेलेले असते आणि पुढच्या प्रवेशात तेच पत्र उजव्या विंगेतून येणाऱ्या नटाच्या खिशात हवे असते, अशा अडचणी आपोआप दिसू लागतात. त्या दिसू लागणे म्हणजेच नाटक पडद्यामागून वाचता येऊ लागणे.

तालमीत खरी वस्तू मिळेपर्यंत तिच्याच आकाराची आणि साधारण तेवढ्याच वजनाची पर्यायी वस्तू पहिल्या आठवड्यापासून नटाच्या हातात द्या. रिकाम्या हाताने तालीम केलेल्या नटाच्या हातात प्रयोगाच्या दिवशी भरलेला ट्रे आला की त्याच्या हालचालींची लयच बदलते. प्रयोगासाठी विंगेत एक टेबल मांडून त्यावर कागद पसरा, प्रत्येक वस्तूची कडा पेनाने रेखून आत तिचे नाव लिहा. एक रिकामी चौकट दिसली की काय राहिले आहे ते अंधारातही एका नजरेत कळते. खाण्याच्या वस्तू, पाणी, अगरबत्ती, फाडले जाणारे कागद अशा प्रयोगागणिक संपणाऱ्या गोष्टींची यादी वेगळी ठेवा, आणि नटाला रंगमंचावर काही खावे लागणार असेल तर त्याला काय चालत नाही हे आधी विचारून घ्या. प्रेक्षक आत येण्यापूर्वी ही सगळी तपासणी तुम्ही स्वतः, यादीवर खुणा करत, पूर्ण करायची. ‘ठेवले आहे’ या कोणाच्या तोंडी शब्दावर खूण करायची नाही.

पुढच्या नाटकात वही मागा, त्याच्या पुढच्या नाटकात प्रकाश किंवा पार्श्वसंगीत चालवायला बसा, आणि एकदा तरी टेम्पोत सामान भरण्यापासून ते परत उतरवण्यापर्यंतची जबाबदारी घ्या. टेम्पो भरणे हे केवळ अंगमेहनतीचे काम नाही. नाट्यगृहावर जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी चढवायचे असते. लेव्हल (सेटचे उंचवटे) आणि फ्लॅट आधी हवे असताना ते खुर्च्यांच्या आणि पेटाऱ्यांच्या मागे अडकले, तर मोजून मिळालेल्या वेळातली पहिली काही मिनिटे दारातच संपतात.

स्पर्धांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात या कामाची खरी शाळा स्पर्धाच आहेत. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात तिने महाविद्यालयीन मुलांच्या अनेक पिढ्या घडवल्या आहेत. संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर भर देणाऱ्या त्या स्पर्धेत नेपथ्य मोजके असते, म्हणून तिथे मोजक्या साधनांत प्रयोग चोख कसा करावा हे शिकायला मिळते. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री रंगते आणि एकामागून एक एकांकिका उभ्या राहतात. तिथे शक्य झाल्यास केवळ प्रेक्षक म्हणून जा आणि दोन एकांकिकांच्या मधला वेळ लक्षपूर्वक पाहा: कोण कोणाच्या आधी आत येतो, पहिली वस्तू कुठे ठेवली जाते, कोणता संघ ओरडत काम करतो आणि कोणता मुकाट्याने. या दोन्हींपेक्षा वेगळे शिक्षण १९५४ साली सुरू झालेल्या शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत मिळते. तिथे पूर्ण लांबीचे नाटक असते, सेट मोठा असतो, आणि संघात विशीतल्या मुलांपासून साठीतल्या नटांपर्यंत सगळे असतात. तुमच्या शहरात या स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था आहेत. जुलै-ऑगस्टच्या सुमारास त्यांच्याकडे जाऊन ‘पहिल्या वाचनापासून येईन आणि प्रॉपर्टी सांभाळेन’ असे सांगणाऱ्या व्यक्तीला नकार मिळणे कठीण आहे, कारण भूमिका मागणारे पुष्कळ असतात आणि प्रॉपर्टी मागणारे जवळपास नसतात.

जाता जाता सुरक्षिततेविषयीही सांगतो, कारण तुमच्याच शहरातले केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीने होरपळले आणि अवघा नाट्यरसिक हळहळला. आपण ज्या नाट्यगृहात काम करणार, तिथली अग्निशामक साधने कुठे आहेत, मागचा दरवाजा उघडा आहे की त्याला कुलूप आहे, आणि वीज तोडायचे मुख्य बटण कोणाच्या ताब्यात आहे, हे सेट उतरवण्यापूर्वी पाहून घ्यायची सवय पहिल्या नाटकापासून लावा. रंगमंचावर खरी ज्योत असेल, तर विंगेत वाळूची बादली आणि तिच्याजवळ फक्त तेवढेच काम असलेला एक माणूस हवा. फ्लॅटचा ब्रेस (मागचा टेकू) नीट ठोकला आहे का, वायरींवर चिकटपट्टी लावली आहे का, शिडीवर चढलेल्याच्या खाली शिडी धरायला कोणी उभा आहे का, हे विचारण्याचा अधिकार संघातल्या सर्वांत नव्या मुलीलाही आहे आणि तो तिने बजावावा.

प्रश्न : आमचा संघ यंदा दोन अंकी नाटक करत आहे. दिग्दर्शकांनी माझ्याकडे ‘नाटकाची वही’ सोपवली आहे. मी आतापर्यंत फक्त प्रॉम्प्टिंग, म्हणजे विसरलेल्या नटाला संवाद सुचवण्याचे काम, केले आहे. वहीत नेमके काय आणि कसे लिहायचे असते? (नोकरदार वाचक, नाशिक)

उत्तर : वहीची कसोटी एकच आहे: उद्या तुम्ही आजारी पडलात, तर ती वही हातात घेऊन दुसऱ्या कोणाला प्रयोग पार पाडता आला पाहिजे. हे ध्यानात ठेवले की काय लिहायचे आणि काय सोडायचे, याचा बराचसा निर्णय आपोआप होतो.

संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापून घ्या आणि फाइलमध्ये अशी लावा की छापील पानासमोर नेहमी कोरे पान येईल. छापील पानावर संवादातले बदल, गाळलेल्या ओळी आणि क्यू लिहायचे. कोऱ्या पानावर हालचाली लिहायच्या. तालीम संपेपर्यंत पेन्सिलच वापरा, कारण दिग्दर्शक आज ठरवलेली हालचाल परवा बदलणारच आणि ते त्याचे कामच आहे. प्रत्येक पात्रासाठी एक अक्षर ठरवा, आणि डावी-उजवी ही नटाची मानायची की प्रेक्षकांची, हे पहिल्या पानावर ठळकपणे लिहून ठेवा. आपल्याकडे हे गृहीत धरले जाते आणि नेपथ्यकार एका अर्थाने व साहाय्यक दुसऱ्या अर्थाने बोलत राहतात. सेट लावायच्या दिवशी दरवाजा उलट्या बाजूला उभा राहिलेला दिसतो.

हालचाल लिहिताना ती कोणत्या शब्दावर सुरू होते ते लिहा. ‘आई खिडकीकडे जाते’ एवढी नोंद अपुरी आहे. ‘तुझ्या बाबांना’ या शब्दांवर आई उठते आणि वाक्य संपताना खिडकीशी पोचते, ही नोंद उपयोगाची. क्यूच्या बाबतीत तर ही काटेकोरी अनिवार्य आहे. समजा, मुलगी ‘दार लावून घे’ म्हणून बाहेर पडते आणि त्यानंतर फोन वाजायचा आहे. तो ‘घे’ या अक्षरावर वाजला तर तिचे जाणे वाया जाईल; कडी लागल्याच्या आवाजानंतर आईने वळून एक पाऊल टाकल्यावर वाजला तर तिचे एकटेपण प्रेक्षकांपर्यंत पोचेल. म्हणून हा क्यू शब्दाचा नाही, कृतीचा आहे, आणि वहीत तसाच लिहिला पाहिजे. प्रकाशाच्या क्यूंना एक क्रममाला आणि ध्वनीच्या क्यूंना दुसरी द्या, दोन्हींना वेगवेगळ्या रंगांची पेन्सिल वापरा, आणि प्रत्येक क्यूच्या साधारण अर्धे पान आधी तयारीची खूण करा. प्रकाश आणि संगीत चालवणारे आपले क्यू स्वतः घेत असले तरीही वहीत ते सगळे असले पाहिजेत. त्यांच्यापैकी कोणी एखाद्या प्रयोगाला येऊ शकला नाही, की त्या नोंदींचे मोल संघाला कळते.

प्रवेशबदलांसाठी वेगळे पान ठेवा. ब्लॅकआउटमध्ये कोण कोणत्या विंगेतून येतो, काय उचलतो, काय ठेवतो आणि कुठून बाहेर पडतो, हे माणसागणिक लिहून काढा आणि मग घड्याळ लावून त्याची तालीम घ्या. आधी दिव्यांच्या उजेडात, मग अंधारात. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला अंधार असतो त्यापेक्षा लांब वाटतो. शक्य असेल तिथे रंगमंचावर चमकणाऱ्या टेपच्या लहान खुणा लावा, पण त्या पहिल्या रांगेतून दिसत नाहीत ना, हे स्वतः खाली बसून पाहा.

तालमीच्या खोलीत सेटची आखणी जमिनीवर टेपने करून देणे हेही वहीवाल्याचेच काम आहे. नेपथ्यकाराकडून मापे घ्या, रंगमंचाची मध्यरेषा आधी आखा आणि सगळी अंतरे तिच्यापासून मोजा. खोली लहान असेल तर सेट आक्रसून आखू नका. एक भिंत कमी पडली तरी चालेल, पण दारापासून सोफ्यापर्यंतचे अंतर खरे असू द्या, कारण नटाची पावले त्या अंतराला सरावतात.

वहीच्या शेवटी दोन गोष्टी असाव्यात. एक, प्रत्येक तालमीची आणि प्रयोगाची नोंद: अंक किती मिनिटे चालला, काय मोडले, कोणता संवाद गळला, उद्या काय दुरुस्त करायचे. अंकाची मिनिटे लिहिण्याची सवय फार महत्त्वाची आहे. पन्नास मिनिटांचा अंक दहाव्या प्रयोगाला सत्तावन्न मिनिटांवर गेला, तर दिग्दर्शकाला ते सांगणारे दुसरे कोणी नसते. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आपल्या राज्यात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याची प्रत, लेखकाची परवानगी आणि नाट्यगृहाच्या आरक्षणाची पावती या तिन्हींच्या प्रती वहीत असल्या की प्रयोगाच्या दिवशी कोणाला फोन करत बसावे लागत नाही.

प्रॉम्प्टिंगचा तुमचा अनुभव इथे मोलाचा ठरेल. नट थांबला आहे की विसरला आहे, हा फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला क्यूची वेळ शिकवावी लागत नाही.

प्रश्न : मी संघात सर्वांत लहान आहे आणि रंगमंच व्यवस्था माझ्याकडे आहे. ज्येष्ठ नट तालमीला उशिरा येतात, प्रॉपर्टी कुठेही ठेवतात आणि मी काही म्हटले की हसण्यावारी नेतात. अशा वेळी काय करावे? (विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : तुमचा अधिकार वयातून येणार नाही, तो दिग्दर्शकाने दिलेला असला पाहिजे आणि सर्वांसमक्ष दिलेला असला पाहिजे. म्हणून आधी दिग्दर्शकांना भेटा आणि पुढच्या तालमीला त्यांनीच दोन वाक्यांत सांगावे अशी विनंती करा: तालमीची वेळ, वस्तूंची जागा आणि घंटेनंतरची शिस्त यांबाबत तुमचा शब्द तो त्यांचाच शब्द. हे पहिल्या वाचनाला झाले असते तर अधिक बरे होते, पण आताही उशीर झालेला नाही.

त्यानंतर तुमची भाषा महत्त्वाची. ज्येष्ठांना सर्वांसमोर टोकू नका. ‘काका, तुमची काठी डाव्या विंगेतल्या टेबलावर ठेवली आहे, प्रवेश संपला की तिथेच ठेवाल ना?’ असे त्यांच्याजवळ जाऊन, त्यांच्याच सोयीचे वाटेल अशा रीतीने सांगा. काठी एकदा अचूक वेळी हाताशी मिळाली की माणूस दुसऱ्यांदा ती अचूक जागी ठेवतो. उशिरा येणाऱ्याची तक्रार करू नका, नोंद करा. तालमीच्या नोंदीत प्रत्येकाची येण्याची वेळ लिहिलेली असते हे कळले की बरेच काही आपोआप सुधारते, आणि सुधारले नाही तर ती नोंद दिग्दर्शकासमोर असतेच. गळलेल्या संवादांविषयी तालीम थांबवून बोलू नका. कागदाच्या चिठ्ठीवर पान, ओळ आणि अचूक शब्द लिहून तालमीनंतर नटाच्या हातात द्या.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळा. कोणाचा अभिनय कसा झाला, याबद्दल तुम्ही चांगले किंवा वाईट काहीही बोलायचे नाही, कितीही आग्रहाने विचारले तरी. तो दिग्दर्शकाचा प्रांत आहे. तुम्ही एका नटाची स्तुती केलीत की दुसऱ्याला तुमची घंटा पक्षपाती वाटू लागते.

आणि ज्या दिवशी प्रयोग असेल, त्या दिवशी तुमचा आवाज सर्वांत शांत हवा. पहिली घंटा झाली की रंगमंच मोकळा, दुसऱ्या घंटेला सर्व जण आपल्या जागी, तिसरी घंटा देण्यापूर्वी पहिल्या प्रवेशातल्या प्रत्येकाला तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. ‘आला असेल’ या भरवशावर पडदा उघडता येत नाही. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेचे अरुण काकडे यांनी छबिलदास शाळेच्या सभागृहातल्या दिवसांपासून आयुष्यभर नाटकाची पडद्यामागची बाजू सांभाळली, आणि मोठमोठे नट-दिग्दर्शक त्यांचा शब्द मानत. तुमच्याही शब्दाला वजन येईल. त्यासाठी तुम्ही सांगितलेली प्रत्येक वेळ आणि प्रत्येक जागा खरी ठरत गेली पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची आहे. पदवीनंतर तिला नाटकाच्या पडद्यामागे पूर्ण वेळ काम करायचे आहे. रात्रीचे प्रयोग, दौरे, अनिश्चित उत्पन्न यांची आम्हाला काळजी वाटते. याचे रीतसर शिक्षण मिळते का? आम्ही तिला परवानगी द्यावी का? (पालक, ठाणे)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि ती मुलीच्या उत्साहापुढे खोटी ठरवण्याची माझी इच्छा नाही. व्यावसायिक नाटकात मोबदला प्रयोगागणिक, म्हणजे ‘नाइट’च्या हिशोबाने, मिळतो. प्रयोग असले तर उत्पन्न, नसले तर नाही. आणि पावसाळ्यात किंवा परीक्षांच्या काळात प्रयोगांची संख्या रोडावते. म्हणून पदवी पूर्ण करण्याबाबत तडजोड नसावी, आणि पहिली काही वर्षे जोडीला दुसरे काम ठेवण्याची तयारी असावी.

शिक्षणाच्या सोयी आहेत. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स इथे नाट्यकलेचे रीतसर अभ्यासक्रम आहेत. गोव्यात कला अकादमीत नाट्यशिक्षण मिळते. आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालवते. यांपैकी कुठेही केवळ रंगमंच व्यवस्था शिकायला जाता येईल असे समजू नये. तिथे संपूर्ण नाटक शिकवले जाते आणि विद्यार्थी एकमेकांच्या प्रयोगांत पडद्यामागची सर्व कामे करतात. माझ्या मते तेच अधिक हिताचे आहे, कारण ज्याने कधी प्रकाशयोजना आखली नाही आणि कधी चार ओळींची भूमिका केली नाही, त्याला प्रकाशयोजनाकाराची घाई आणि नटाची धास्ती कळत नाही. मात्र या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेला जाण्यापूर्वी तिच्या गाठीशी दोन-तीन नाटकांचा प्रत्यक्ष अनुभव असावा.

आपण ठाण्यात राहता, हा मोठा लाभ आहे. गडकरी रंगायतनसारखे नाट्यगृह घराजवळ, दादरचे शिवाजी मंदिर आणि विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह लोकलच्या अंतरावर, जुहूचे पृथ्वी थिएटर आणि नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्रही मुंबईतच. दुपारच्या प्रयोगांनी तिला सुरुवात करता येईल. एकाच दिवशी एका नाट्यगृहात सकाळी, दुपारी आणि रात्री तीन वेगळ्या नाटकांचे प्रयोग होतात. एक सेट बाहेर पडत असताना दुसरा दारात उभा असतो. दोन प्रयोगांमधला हा वेळ जो एकदा आतून पाहतो, त्याला हे काम आपल्या प्रकृतीला मानवते की नाही ते लगेच कळते.

परवानगीपेक्षा प्रश्न विचारायला शिकवा, असे मी सुचवेन. काम स्वीकारण्यापूर्वी तिने मोकळेपणाने विचारावे: रात्रीच्या प्रयोगानंतर घरी सोडण्याची व्यवस्था कोणाची, दौऱ्यात मुलींच्या मुक्कामाची खोली वेगळी आहे का, संचात आणखी स्त्रिया आहेत का, मोबदला कधी मिळणार, आणि काम करताना दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार. नीट चालणारी संस्था या प्रश्नांना सरळ उत्तरे देते. जिथे हे प्रश्न विचारल्यावर कपाळाला आठ्या पडतात, तिथे मुलीने कामाला जाऊ नये, नाटक कितीही मोठ्या नावाचे असले तरी.

प्रश्न : मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला. आमच्याकडे मोठी नाट्यगृहे नाहीत. शेतात मंडप उभारून नाटके होतात. गेल्या हंगामात मी एका मंडळाबरोबर पडदे आणि सामान सांभाळले. पुण्या-मुंबईत या अनुभवाला काही किंमत आहे का, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल? (युवा वाचक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : किंमत आहे, आणि ती आधी तुम्ही स्वतः ओळखली पाहिजे. तुमच्या जिल्ह्यातले वडसा हे केंद्र धरून दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरणारी झाडीपट्टी रंगभूमी रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. रोज नवे गाव, रोज नवी जमीन, हातात मिळेल ती वीज, समोर हजारोंचा प्रेक्षक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाट्यगृहात तयार पडदे आणि तयार वीजजोडणी मिळणाऱ्या शहरी मुलाला जे प्रश्न कधी पडत नाहीत, त्यांची उत्तरे तुम्ही हंगामभर शोधलेली आहेत. ऐन थंडीत दव पडल्यावर वायरींचे काय करायचे, गर्दीच्या बाजूने सामान कसे न्यायचे, वीज गेली तर किती वेळात जनित्रावर यायचे, ही माहिती फार थोड्यांना असते. तुमच्याकडे प्रॉम्प्टर अजूनही प्रयोगाचा कणा आहे. त्याच्या शेजारी बसून एक हंगाम काढलात, तर नाटकाची लय कशी सांभाळतात ते कळेल.

कमी आहे ती लेखी नोंदीची. शहरातल्या संस्थेला तुमचा अनुभव दिसणार कसा? म्हणून येत्या हंगामात प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवा: गाव, नाटक, मंच उभा करायला लागलेला वेळ, पडद्यांची आणि सामानाची यादी, काय बिघडले आणि ते कसे सावरले. मंचाचा साधा नकाशा मापांसह काढायला शिका. एक मोजपट्टी आणि चौकटीची वही पुरते. प्रकाशाच्या दिव्यांची नावे आणि वीजभाराचा साधा हिशोब एखाद्या जाणत्या वायरमनकडून समजून घ्या, कारण मंडपात वीज हाच सर्वांत मोठा धोका आहे.

हंगाम होळीला संपतो आणि पुढचे महिने मोकळे असतात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या नागपूरच्या आणि चंद्रपूरच्या हौशी संस्थांच्या तालमी त्यानंतरच सुरू होतात. ती वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि वहीचे काम मागा. मंच उभारणे तुम्हाला येते, बंदिस्त रंगमंचावरचे क्यू आणि ब्लॅकआउटमधले प्रवेशबदल तिथे शिकता येतील. दिवाळीला पुन्हा आपल्या मंडळात परतलात तरी हरकत नाही. झाडीपट्टीलाही आखीव नोंदी ठेवणारी माणसे हवीच आहेत, आणि आधी तिथेच एखाद्या नाटकाची संपूर्ण व्यवस्था मागून पाहावी, असे मी सुचवेन.